डोळ्याचा साचा

रामबाग, इंदूर
१८ ऑक्टोबर १९५४

ती. सौ. अक्कास शशीचा नमस्कार.

तुझं पत्र दसऱ्यानंतर मिळालं. नागपूरला सगळे बरे आहेत, भाऊजींचा दमा थंडीच्या आधीच आटोक्यात आला, हे कळून जिवाला स्वस्थ वाटलं. इकडेही ठीकठाक. अच्युतला मिलच्या ऑफिसात बढती मिळाली आणि तेव्हापासून तो घरातसुद्धा खाकरून मग बोलतो. लीलावहिनीनं फराळाला हात घातलाय. मी मदतीला गेले की म्हणते, "तुम्ही बसा ना वन्सं, मी करते." मी बसते. गेल्या दिवाळीला असं म्हणत नव्हती, एवढं फक्त तुझ्या कानावर घालते.

अच्युतनं तुला माझ्या डोळ्यांबद्दल बरंच काही लिहिलेलं दिसतं. टांग्याचंही लिहिलं असेल. त्यात विशेष काही नाही. सियागंजात कायम गर्दी. मी गूळ आणि सुकं खोबरं घेऊन रस्ता ओलांडत होते आणि टांगा एकदम अंगावर आला. टांगेवाला म्हणतो, मी दोनदा ओरडलो. मला तर ऐकू आलं नाही. पदर चाकात गेला आणि गूळ रस्त्यावर पडला, बस. दुकानदारानं अच्युतला निरोप धाडला. अच्युत टांगेवाल्याशी भांडायला म्हणून गेला आणि "जाने दो भिया, गलती हमारी थी" म्हणून परत आला. हमारी म्हणजे माझी.

दुसऱ्याच दिवशी तो मला डॉ. नवाथ्यांकडे घेऊन गेला. हे मुंबईला शिकून नुकते इकडे आलेत. त्यांनी बराच वेळ डोळ्यात उजेड पाडून पाहिलं आणि म्हणाले, चष्मा बदलून आता उपयोग नाही. बुबुळावरचं पारदर्शक कवच पातळ होऊन टोकासारखं पुढं येतंय, म्हणून दिव्याला शेपटी फुटते आणि एका चंद्राचे तीन दिसतात. चंद्राचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. अच्युतनं आधी जाऊन सांगून ठेवलं असणार.

यावर इलाज म्हणजे एक भिंग. पण चष्म्यासारखं नाकावर ठेवायचं नाही, थेट डोळ्यात, पापणीच्या आत बसवायचं. त्यासाठी आधी डोळ्याचा साचा घ्यायचा, दाताचा घेतात तसा. तो मुंबईला जाणार आणि तिथून माझ्या डोळ्याच्या मापाचं भिंग घडून येणार. मी विचारलं, काच फुटली तर? म्हणाले, काच नाही, प्लास्टिक. मी विचारलं, इंदुरात आजवर कुणाकुणाला बसवलंत? म्हणाले, "तुम्ही पहिल्या." आणि हसले. जसा काही माझा सत्कार होता.

अच्युत लगेच हो म्हणाला. वहिनीही. अक्का, या घरात खिडकीला नवा पडदा लावायचा तर एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत खल चालतो. माझ्या डोळ्यात प्लास्टिक घालायचं ते मात्र जिना उतरेपर्यंत ठरलं. मला हे सरळ वाटत नाही. वहिनीचे एक मामेभाऊ आहेत, दौलतराव, धारला वकिली करतात. त्यांची बायको मागच्या वर्षी वारली. ते भाऊबिजेला आपल्याकडे येणार आहेत. आता तूच जोड लाव. जाड चष्म्याची, तिशीला टेकलेली नणंद कुणाच्या गळ्यात घालता येत नाही. बिनचष्म्याची कदाचित येत असेल.

मी डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलंय. तू येते म्हणतेस, तर येऊ नकोस. खंडव्याला गाडी बदलायची, सामान, मुलं, फिजूल दगदग. माझ्या डोळ्याला कुणी हात लावणार नाही. तूही नाही.

मुलांना गोड पापा.

शशी


रामबाग, इंदूर
१२ डिसेंबर १९५४

ती. सौ. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते आता लिहून टाकते. तुझी पत्रं मला वहिनी वाचून दाखवते. मी कागदाला नाक लावून लिहू शकते, पण तुझं बारीक अक्षर मला लागत नाही. या वेळी वाचताना ती एका ठिकाणी अडखळली आणि पुढं गेली. मी विचारलं, काय गाळलंस? म्हणाली, "कुछ नहीं वन्सं, इथं शाई पसरलीय." मी ते पत्र घेऊन खिडकीत गेले. पसरलेली शाई मला दिसली नाही. पण न पसरलेलीही कुठं दिसते? तेव्हा यापुढं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिही आणि वहिनीनं वाचू नये असं काही लिहू नकोस.

दौलतराव येऊन गेले. मोटरसायकलीवर बोलले, चिवडा खाल्ला, गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं की नाही, ते मला कसं कळणार.

आता शाळेचं. हे अच्युतलाही ठाऊक नाही. सातवीला भूगोल शिकवताना मी भिंतीवरच्या नकाशावर काठी ठेवून म्हटलं, हे ग्वाल्हेर, आपल्या मध्यभारताची हिवाळ्यातली राजधानी. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, काठीचं टोक हळूच धरलं, वर सरकवलं आणि जागेवर जाऊन बसली. मी खाली निमाडात कुठंतरी काठी टेकली होती. अक्का, एकही मुलगी हसली नाही. हसल्या असत्या तर चाललं असतं. त्यांना सवय होती. म्हणजे त्या कितीतरी दिवस मला असं सांभाळून घेत होत्या आणि मला वाटत होतं की मी सगळ्यांना फसवतेय.

दोनच दिवसांनी मुख्याध्यापिका प्रेमलताबाईंनी मला बोलावलं. त्यांना कुणी सांगितलं ते मी शोधून काढलं नाही, पण शिक्षकांच्या खोलीत मी आता कुणाशी फार बोलत नाही. बाई म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबते, मग मात्र मला वर लिहावं लागेल. आवाज नरम होता. नरम आवाजाची मला जास्त भीती वाटते.

म्हणून मी परत डॉक्टरांकडे गेले. डोळा बधिर करायचे थेंब घालायचे होते, एवढंच. त्यांचा हात जवळ आला आणि मी काय केलं ते मला नंतर समजलं. बाटली फरशीवर फुटली होती आणि डॉक्टर आपलं मनगट चोळत होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "डोळा मला बधिर करता येतो. मान बधिर करता येत नाही. घरी सवय करा." आधी पापणीला बोट लावायचं, मग मिठाच्या पाण्याचा थेंब, मग स्वच्छ धुतलेलं बोट डोळ्याच्या पांढऱ्या भागावर. जमलं की या, म्हणाले.

जमत नाही. तुला आठवत असेल, मी लहानपणी काजळसुद्धा घालू देत नव्हते. आरशासमोर बसते, बोट वर जातं आणि डोळे आपोआप घट्ट मिटतात. उघडते तर बोट गालावर असतं. वहिनी म्हणाली, मी मदत करू का. मी नको म्हटलं. तिचं अलीकडे काहीतरी चाललंय. दुपारी खोलीचं दार लावून घेते. बाहेर येते तेव्हा डोळे लाल. अच्युतशी हलक्या आवाजात बोलते आणि मी आले की दोघं भाजीवर बोलायला लागतात. मी आंधळी होतेय, बहिरी नाही. जन्मभर ही नणंद पोसावी लागणार म्हणून ती रडत असणार. तिचंही चूक नाही म्हणा.

आणि तू. तू लिहितेस, "मी येते, डोकं मी धरते, लवकर उरकून टाकू." वहिनीनं हे वाक्य अगदी सहज वाचलं. तिला काय माहीत. पण तुझ्यानं हे लिहवलं कसं? डोकं मी धरते. लवकर.

महिदपूरचं मी तुझ्याशी आजवर कधी बोलले नाही. आजही बोलत नाही. तू येऊ नकोस, इतकंच.

शशी


रामबाग, इंदूर
६ मार्च १९५५

ती. सौ. अक्का,

तुझं पत्र नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी मी लिहितेय आणि या खेपेला लिहिलेलं मला दिसतंय. निदान उजव्या डोळ्यानं.

क्रमानं सांगते. संक्रांतीच्या आसपास एका दुपारी मी शाळेतून लवकर घरी आले. वहिनीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते न ठोठावता उघडलं. मला तिला रडताना पकडायचं होतं, खोटं कशाला बोलू. ती आरशासमोर बसली होती. शेजारी वाटीत पाणी, मांडीवर टॉवेल. एका हातानं पापणी वर ओढून दुसऱ्या हाताचं बोट ती स्वतःच्या डोळ्याला लावत होती. डोळ्यातून धार लागली होती. मी विचारलं, हे काय चाललंय? ती इतकी शरमली की आधी टॉवेलच तोंडावर घेतला. मग म्हणाली, "तुमच्या डोळ्याला हात लावायचा तर आधी आपल्या लावून बघायला नको का, वन्सं? किती लागतं, कुठं लागतं, मला कसं समजणार?"

दोन महिने ती हे करत होती. अच्युतला सांगितलं होतं, मला सांगायचं तिला धाडस झालं नाही. मी नको म्हणाले असते, आणि म्हणालेही होते.

मला लगेच विश्वास बसला असं समजू नकोस. रात्रभर मी यात काय डाव असेल ते शोधत होते. सापडला नाही. दौलतरावांचं म्हणशील, तर त्यांचं लग्न बडवानीच्या एका मुलीशी ठरून पत्रिकाही आली.

मग आम्ही दोघी रोज बसायला लागलो, शाळेतून आल्यावर, मागच्या ओसरीत. वहिनीची पद्धत अशी की आज काय करायचं ते ती आधीच सांगायची आणि त्याच्यापुढं एक रेघही जायची नाही. "आज फक्त पापण्यांचे केस. बस, हो गया." मी आणखी करू का म्हटलं तरी नाही. त्यामुळं मला हळूहळू कळायला लागलं की तिचं बोट ठरल्या जागी थांबतं. थेंबाला फार दिवस गेले. पण एकदा तो पडला आणि डोळा मिटायच्या आत गालावर ओघळूनही गेला, तेव्हा आम्ही दोघी हसलो. शेवटी एका संध्याकाळी मी स्वतःचं बोट पांढऱ्यावर ठेवलं. अक्का, काही होत नाही. ओलं, गार, जरा चुरचुरतं. लागतं ते बोट नाही, येणारं बोट लागतं. एकदा येऊन पोचलं की ते साधं बोटच असतं.

डॉक्टर म्हणाले, आता साचा घेऊ. घरच्या माणसानं मागं उभं राहून डोकं धरायचं.

इथं मला आधी महिदपूरचं लिहिलं पाहिजे. नाहीतर पुढचं तुला कळणार नाही.

बाबा दौऱ्यावर होते आणि आईला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं होतं. जत्रेत मोतीबिंदू काढणारा वैदू आला होता. त्याला तू ओटीवर बोलावून आणलंस. मला आत बसायला सांगितलं होतं, पण मी दाराच्या फटीतून पाहत होते. आई पाटावर बसली होती. तू तिच्या मागं गुडघ्यांवर, तिचं डोकं छातीशी घट्ट धरून. वैदूनं सुई पुढं नेली. आईचे दोन्ही हात वर आले आणि तिनं तुझी मनगटं पकडली. तिची नखं तुझ्या हातात रुतली होती. ती तुझे हात सोडवत होती आणि तू सोडत नव्हतीस. त्यानं एक डोळा केला, मग दुसरा. तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस.

त्या संध्याकाळी आईला तुझा चेहरा दिसला. तू शेजारी गूळ वाटलास. मग डोळे सुजले, पिकले आणि पुन्हा कधीच उघडले नाहीत. वैशाखात तुझं लग्न झालं. आईनं मंगलाष्टकं फक्त ऐकली. तू नागपूरला गेलीस आणि आत्या स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाली, थोरलीला घाई झाली होती, आई धडधाकट झाल्याशिवाय घराबाहेर पाय कसा काढता आला असता. मी सहा-सात वर्षांची होते. मी ते वाक्य धरून ठेवलं. आईला हात धरून परसात नेताना, तिच्या ताटात भात कुठं आणि भाजी कुठं ते सांगताना, ती गेली तेव्हा, दर वेळी मला तुझे हातच दिसायचे. तू माहेरपणाला यायचीस, माझी वेणी घालायला बोलवायचीस आणि मी पळून जायचे. तुला वाटायचं, मी लाजाळू आहे.

आता साच्याचं. मी खुर्चीत बसले. वहिनी मागं उभी राहिली आणि तिनं माझं डोकं आपल्या पोटाशी टेकवून दोन्ही हातांनी धरलं. थेंब घातले, डोळा जड झाला. मग डॉक्टरांनी वाटीसारखं काहीतरी पापणीच्या आत सरकवलं आणि त्यात गार लगदा भरला. दिसत काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, हललात तर डोळ्याला इजा होईल. आणि मला कळलं की मी हलणार. माझी मान माझं ऐकणार नव्हती. तेव्हा माझे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि मी वहिनीची मनगटं पकडली. नखं रुतली असणार, कारण ती कळवळली. ती हात ढिले करायला लागली. तिला वाटलं, मी सोडवतेय.

मी म्हटलं, "सोडू नको. घट्ट धर."

मी तिचे हात माझ्या डोक्यावर दाबत होते, अक्का. बाजूला ढकलत नव्हते. आणि तशी बसलेली असताना मला वाटलं, या क्षणी दाराच्या फटीतून एखादी लहान मुलगी बघत असती तर तिला काय दिसलं असतं?

साचा नीट निघाला. भिंग मुंबईहून फेब्रुवारीत आलं. ते मिठाच्या पाण्यानं भरून, मान खाली घालून, वाकून डोळ्यात बसवावं लागतं. पहिले काही दिवस भिंग डोळ्यात अर्धं असताना पाणी सांडायचं आणि मी डोळ्यात खडा गेल्यासारखी थयथयाट करायचे. आता मी स्वतः घालते, स्वतः काढते. आधी थोडा वेळच ठेवायचे, आता शाळा सुटेपर्यंत राहतं. दिव्याची शेपटी गेली. वर्गात मी काठी बरोब्बर ग्वाल्हेरवर टेकवली, तर त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान खाली घातली. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. बेबी काळे. नाकावर तीळ आहे. प्रेमलताबाईंनी वर काही लिहिलं नाही.

तुझं दिवाळीनंतरचं ते पत्रही काढून वाचलं. शाई खरंच पसरली होती.

आता राहिलेलं. मी काय ठरवायचं ते मला कळत नाही. आपलं मन भारी लबाड असतं. साच्याच्या खुर्चीत मला जे वाटलं, तेही मला हवं म्हणूनच वाटलं असेल. तुझ्यावर राग धरून मी थकले असेन आणि आता सुटायला एक वाट शोधली असेल. आत्या खोटं का बोलली असती? आणि मी लहान होते, फट बारीक होती. पण एक गोष्ट मला पक्की आठवते. सुई आत जायच्या आधी आईचे ओठ हलले होते. ती तुला काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही.

ती "सोड" म्हणाली होती, की "सोडू नको"?

इतक्या वर्षांत तू हे कुणाला सांगितलं नाहीस. "सोडू नको" म्हणाली असती, तर तू ते ओरडून सगळ्यांना सांगायला हवं होतंस, असं माझं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, आंधळ्या झालेल्या आईच्या माथी ते कोण मारेल? मी दोघांचंही ऐकते आणि दोघांवरही माझा भरवसा नाही. तेव्हा तूच सांग. पण पत्रात नको. पत्रात शाई पसरते, शब्द बदलता येतात. मला तुझा चेहरा बघत ऐकायचंय, आणि आता मला तो दिसेल.

वहिनीला सातवा महिना लागलाय, ती आता बाळंतपणाला देवासला, तिच्या आईकडे जातेय. डाव्या डोळ्याचा साचा एप्रिलात घ्यायचाय. डॉक्टरांनी परत घरचं माणूस सांगितलंय. तू ये. डोकं तू धर. मी घट्ट म्हटलं की घट्ट धरायचं आणि सोड म्हटलं की त्याच क्षणी सोडायचं. यातलं दुसरं जास्त लक्षात ठेव. तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास बसलाय असं मी लिहीत नाही. तो बसलेला नाही. तरी हात तुझेच पाहिजेत.

गाडीची वेळ तार करून कळव. स्टेशनवर मी एकटी येईन, अच्युतला आणणार नाही. उतरल्यावर गर्दीत तू मला शोधत बसू नकोस. आहेस तिथं उभी राहा, मी तुला शोधते.

शशी